कॅनेलोनी: नळ्या टणक राहतात आणि आत पाणी सुटतं, कुठं चुकतंय?

शेवंती
गेल्या महिन्याभरात तीनदा पालक-रिकोटा कॅनेलोनी (सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या पास्त्याच्या नळ्या) केली आणि तिन्ही वेळा मनासारखी झाली नाही. घरच्यांनी खाल्ली, कुणी नावं ठेवली नाहीत, पण मला माहितीये ना काय बिघडलंय ते. पहिल्या वेळी नळ्यांची टोकं इतकी टणक राहिली की सुरी लावल्यावर कडकन मोडली. म्हणून दुसऱ्या वेळी नळ्या आधी उकडून घेतल्या, तर त्या चिकटल्या, चिरल्या, सारण भरता भरता निम्म्या हातातच फाटल्या. तिसऱ्या वेळी परत न उकडता भरल्या आणि झाकून ठेवल्या, तेव्हा नळ्या शिजल्या पण ट्रे बाहेर काढला तर तळाशी हिरवट पाणी! वाढताना प्रत्येक ताटात त्याचं थारोळं.

माझं प्रमाण असं: ५०० ग्रॅम ताजा पालक, ३०० ग्रॅम रिकोटा (मऊ, ताजं चीज), थोडं पार्मेजान, जायफळ, मीठ, मिरी. खाली टोमॅटो सॉस, वर बेशमेल (लोणी, मैदा, दुधाचा पांढरा सॉस), त्यावर मोझरेला. १८० डिग्रीला ३५ मिनिटं.

पुढच्या शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत आणि मी ठरवलंय की हेच करायचं. मावशी येणारे, ती अंडंसुद्धा खात नाही, त्यामुळे पूर्ण शाकाहारी पाहिजे. नळ्या उकडायच्या की नाही, पाणी का सुटतं, आणि आठ जणांना किती करू, एवढं सांगा प्लीज.

रानजाई
पालक पिळला होतास का?

शेवंती
@रानजाई, उकडून चाळणीत निथळत ठेवला होता अर्धा तास. पिळला नाही.

रानजाई
मग ते हिरवं पाणी तिथलंच गं. पालक नुसता निथळून भागत नाही. उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, आणि मग मूठ मूठ घेऊन दोन्ही हातांनी पिळायचा, पाणी येणं थांबलं असं वाटलं की स्वच्छ कापडात गुंडाळून परत एकदा पिळायचा, त्या दुसऱ्या वेळी जे पाणी निघतं ते बघून थक्क होशील. अर्धा किलो पालक शेवटी दोन मुठींत मावतो. मग सुरीनं बारीक चिरायचा. मिक्सरमध्ये घालू नकोस, त्याची पेस्ट होते आणि उरलंसुरलं पाणीही मोकळं होतं.

रिकोटाचंही तेच. डब्यातून काढून थेट कालवायचं नाही, चाळणीवर कापड टाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेव. सकाळी खालच्या भांड्यात किती पाणी जमतं बघ.

पिठाळ
रानजाईला +१, पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अजून राहिला. नळ्या टणक का राहतात?

कोरडा पास्ता शिजायला पाणी लागतं, ते कुठून तरी मिळालंच पाहिजे. १०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साधारण दुप्पट वजनाचा होतो, म्हणजे जवळपास १०० ग्रॅम पाणी तो पितो. भांड्यात उकडला तर पाणी भांड्यातलं, आणि न उकडता ओव्हनमध्ये टाकला तर सॉसमधलं. सॉस दाट असेल तर नळी काय पिणार? शेवंतीताई, तुमच्या पहिल्या वेळी सॉस घट्ट आटवलेला असणार आणि टोकं सॉसच्या बाहेर डोकावत असणार. बरोबर का?

तिसऱ्या वेळी नळ्यांनी सॉसमधलं पाणी घेतलंच, शिवाय सारणानं स्वतःचं पाणी सोडलं, झाकण असल्यानं ते उडून गेलं नाही, ते तळाशी साचलं. या पदार्थात पाणी हवंच, फक्त ते सारणात नको, सॉसमध्ये हवं. सारण जितकं कोरडं करता येईल तितकं कोरडं, सॉस जितका पातळ ठेवायचा धीर होईल तितका पातळ. आपण नेमकं उलटं करतो, कारण चमच्यात घेतल्यावर घट्ट सॉस चांगला दिसतो.

शेवंती
@पिठाळ, अगदी बरोबर. सॉस मी चांगला अर्धा तास आटवला होता, अगदी चमचा उभा राहील असा.

कढईबहाद्दर
मी उकडणाऱ्यांच्या बाजूचा. पाकिटावर 'उकडायची गरज नाही' लिहिलेलं असेल तरच न उकडता वापरा. सगळ्या नळ्या तशा नसतात, जाड भिंतीच्या असल्या तर ओव्हनमध्ये तासभर ठेवल्या तरी मधे कचकच राहते. मी चार मिनिटं उकडतो, पूर्ण नाही, जेमतेम वाकायला लागल्या की काढायच्या. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मीठ. काढल्यावर चाळणीत ढीग करायचा नाही, ओल्या पंचावर एकेक सुटी मांडायची. शेवंती, तुमच्या चिरल्या कारण तुम्ही पूर्ण शिजवल्या असणार.

पिठाळ
कढईबहाद्दर, जाड नळ्यांबद्दल मान्य. पण अर्धवट उकडलेली नळी ओली, घसरडी, गरम, तिच्यात सारण भरायचं म्हणजे हाताची परीक्षा. कोरडी नळी हातात ताठ उभी राहते. त्यापेक्षा मधला मार्ग सांगतो: भरलेला ट्रे सॉस घालून ओव्हनमध्ये टाकण्याआधी अर्धा तास तसाच ठेवा. तेवढ्यात नळ्या सॉस प्यायला सुरुवात करतात.

उनाड_पाखरू
नळ्या हव्यातच कशाला पण? मोठे शिंपले घ्या की! कोन्किल्योनी. चमच्यानं सारण भरायचं, संपलं. नळीत सारण भरायचा वैताग ज्यानं शोधला त्याला माझ्या स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभं करा. 😄

दवबिंदू
शिंपल्यांना माझंही मत. इटालियनमध्ये कोन्किल्या म्हणजे शिंपला, त्यावरून कोन्किल्योनी, मोठा शिंपला. हे मात्र उकडावेच लागतात कारण कच्चे असताना तोंड मिटलेलं असतं, चमचा आत जात नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधी काढा. आणि चार-पाच जास्त टाका, काही फाटतातच. मांडताना तोंड वर, सॉस खाली, म्हणजे वरची कड खरपूस होते. ती कड मला सगळ्यात आवडते, टणक नाही, कुरकुरीत.

कढईबहाद्दर
आता टणक आणि कुरकुरीतमध्ये फरक काय हे कोण सांगणार 😀

दवबिंदू
दात सांगतात. टणक म्हणजे पास्ता कच्चा राहिला. कुरकुरीत म्हणजे आधी शिजला आणि मग भाजला गेला. शेवंतीची टोकं शिजलीच नव्हती.

शेवंती
शिंपले छान वाटतायत पण माझ्याकडे नळ्यांची दोन पाकिटं पडून आहेत, आधी ती संपवते. सारण कसं भरता तुम्ही सगळे? मी छोट्या चमच्यानं आणि बोटानं भरलं होतं, १४ नळ्यांना पाऊण तास लागला.

रानजाई
केकवर क्रीम काढायची पिशवी असते ना ती. नसेल तर साधी झिपवाली पिशवी, कोपरा बोटभर कापायचा. नळी उभी धरून खालचं टोक तळहातावर टेकवायचं आणि वरून दाबायचं. अर्धं एका बाजूनं भरून नळी उलटी करून दुसऱ्या बाजूनं, म्हणजे मधे पोकळी राहत नाही. २० नळ्या दहा मिनिटांत होतात. पालक बारीक चिरलेला पाहिजे मात्र, लांब दोरा राहिला तर पिशवीच्या तोंडाशी अडकतो आणि मग एकदम भसकन सगळं बाहेर!

उनाड_पाखरू
ते भसकन माझ्याकडे झालंय. भिंतीवर.

मीठमिरी
धागा उशिरा बघितला. सगळे पाण्याबद्दल बोलताय पण मावशींचा विषय राहूनच गेला. शेवंती, मावशी अंडंही खात नाहीत म्हणालीस. मग पार्मेजानचं काय?

खरं पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेजानो, वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट (दूध फाडून घट्ट करणारं द्रव्य) घालूनच करतात. त्याच्या नियमावलीतच तसं लिहिलंय, त्यामुळे शाकाहारी पार्मिजानो रेजानो नावाची वस्तू असूच शकत नाही. ग्राना पादानो या दुसऱ्या इटालियन चीजचंही तेच, शिवाय त्यात बहुतेकदा लायसोझाइम नावाचं एंझाइम असतं, ते अंड्याच्या पांढऱ्यातून काढतात. पेकोरीनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. मला हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. शाकाहारी म्हणून मी लोकांना आनंदानं वाढत होते आणि कळलं त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण ज्यांना वाढलं त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खाल्लं होतं.

शेवंती
अरे देवा. हे मला अजिबात माहीत नव्हतं. मावशीला मी आधी दोनदा वाढलंय.

कढईबहाद्दर
इतकं बघायला लागलो तर बाहेर काहीच खाता येणार नाही. चिमूटभर चीज, त्यात रेनेट किती असतं? लिटरभर दुधाला काही थेंब. माझ्या मते उगाच मनाला लावून घेऊ नका.

मीठमिरी
कढईबहाद्दर, तुमच्यापुरतं तुम्ही ठरवा, त्याला माझी हरकत नाही. पण मावशींचं मावशींनी ठरवायचं ना? आपण फक्त त्यांना खरं काय ते सांगायचं. थेंब आहेत की वाटी हा प्रश्न त्यांचा.

आणि उपाय अवघड नाहीयेत. आज जगात बरंचसं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटवर होतं. किण्वनानं बनवलेल्या कायमोसिनला (रेनेटमधलं दूध घट्ट करणारं मुख्य एंझाइम) अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली, त्यानंतर ते खूप पसरलं. काटेरी कार्डूनच्या फुलांपासूनही रेनेट होतं, पोर्तुगाल आणि स्पेनमधली काही जुनी चीजं त्याच्यावरच बनतात. पाकिटावर 'मायक्रोबियल रेनेट' किंवा 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं घ्यायचं. इटालियन पाकिटावर नुसतं 'कालियो' असेल तर ते रेनेट, पुढे 'वेजेताले' किंवा 'मिक्रोबिको' असेल तर चालेल. युरोपबाहेर 'पार्मेजान' या नावानं विकलं जाणारं काही चीज मायक्रोबियल रेनेटचंही असतं, त्यामुळे नाव बघून ठरवू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. मोझरेलालाही रेनेट लागतं, तेही पाकीट उलटून बघ.

दवबिंदू
मीठमिरीताई, एक शंका. रिकोटा तर चालतं ना? ते आंबटानं फाडतात असं वाचलंय.

मीठमिरी
अर्धं बरोबर. रिकोटा या शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'. चीज केल्यावर जे पाणी उरतं ते परत ८०-९० डिग्रीपर्यंत तापवलं की त्यातली उरलेली प्रथिनं वर येतात, ते रिकोटा. वेगळं रेनेट घालत नाहीत, पण ते पाणी मुळात ज्या चीजचं, त्यात रेनेट असू शकतं. ज्यांना हे काटेकोर पाळायचंय त्यांनी घरी दुधाचं करावं. लिटरभर पूर्ण सायीचं दूध, ८५ ते ९० डिग्री, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे आणि वर वाफ, उकळी नाही. आच बंद, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एकदाच हलकेच ढवळायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. कापडातून गाळायचं, पिळायचं नाही, आपोआप निथळू द्यायचं. दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळतं. काटेकोर बघितलं तर हे रिकोटा नाही, पण सारणाला उत्तम.

शांतपणे_वाचणारा
चार वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. रेनेटची माहिती आमच्या घरात कुणालाच नव्हती. मनापासून आभार. वाचनखूण साठवली.

उनाड_पाखरू
स्वागत शांतपणे_वाचणारा! आता नाव बदलावं लागेल.

पिठाळ
अंड्याचा मुद्दा निघालाच आहे तर, सारणात अंडं घालायची काही गरज नसते. पुष्कळ कृतींमध्ये एक अंडं लिहिलेलं असतं ते सारण बांधून राहावं म्हणून. पण रानजाई म्हणतात तसं पालक आणि रिकोटा दोन्ही कोरडं असेल तर सारण आपोआप बांधलेलं असतं. सैल वाटलंच तर ब्रेडचा कोरडा चुरा दोन चमचे.

नळ्यांचं बघायचं तर इटलीत कायद्यानुसार साधा कोरडा पास्ता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, एवढ्याचाच असतो. अंड्याचा असेल तर तसं पाकिटावर लिहावं लागतं आणि किलोमागे निदान चार अंडी असावी लागतात. तेव्हा कोरड्या नळ्या बहुधा बिनअंड्याच्याच, तरी नळ्या आणि लझान्याच्या पट्ट्या यांत अंड्याचे प्रकारही मिळतात, पाकीट वाचाच. ताजा पास्ता विकत घेणार असाल तर तो बहुतेक अंड्याचा.

दवबिंदू
अवांतर: पिठाळदादा, नाव पिठाळ आहे म्हणून विचारते, घरी ताज्या पट्ट्या लाटून केलीये का कधी कॅनेलोनी? बिनअंड्याची?

पिठाळ
केलीये, आणि खरं सांगायचं तर मला तीच सगळ्यात आवडते. इटलीतल्या घरांमध्येही पारंपरिक पद्धत तीच, पास्त्याचा चौकोन घ्यायचा, कडेला सारण ठेवायचं, गुंडाळायचा. नळी ही पाकिटातली सोय. कान्ना म्हणजे बोरू, वेत, त्यावरून कॅनेलोनी, मोठा बोरू. उत्तरेकडे एमिलिया-रोमान्यात पीठ अंड्यात मळतात, दक्षिणेत नुसता ड्युरमचा रवा आणि पाणी, त्यामुळे बिनअंड्याचं म्हणजे काही कमी प्रतीचं असं अजिबात नाही, त्याची स्वतःची जुनी परंपरा आहे.

२०० ग्रॅम दोनदा दळलेला बारीक ड्युरम रवा, १०० मिली कोमट पाणी. सुरुवातीला भुसभुशीत राहतं, पाणी वाढवावंसं वाटतं, वाढवू नका. दहा मिनिटं तळहाताच्या टाचेनं रगडून मळा, गुळगुळीत होतं. झाकून अर्धा तास. मग लाटण्यानं पातळ, खालचा हात दिसेल इतकं. साधारण १० बाय १२ सेंटीमीटरचे तुकडे. उकळत्या पाण्यात मिनिटभर, गार पाण्यात, कापडावर पुसून घ्यायचे. पुसणं विसरू नका, ओल्या पट्टीवर सारण सरकतं. जोड खालच्या बाजूला येईल असं ठेवायचं. यांना सॉस कमी लागतो कारण पास्ता आधीच शिजलेला आहे, २० मिनिटांत काम होतं.

कढईबहाद्दर
गुंडाळायचंच असेल तर लझान्याच्या कोरड्या पट्ट्या उकडून त्यावर सारण पसरून गुंडाळ्या करा ना, लाटायची दगदग कशाला. मुलांना फार आवडतात, कापल्यावर चक्र दिसतं.

रानजाई
त्या चक्रावरून आठवलं, एमिलियातच रोतोलो नावाचा प्रकार आहे. एकच मोठी पोळीसारखी लाटायची, पालक-रिकोटा पसरायचं, गुंडाळून कापडात पुरचुंडीसारखं बांधून पाण्यात उकडायचं आणि गार झाल्यावर जाड काप करून लोणी-चीज घालून भाजायचे. वेळखाऊ आहे पण सणासुदीला करून बघण्यासारखं.

दवबिंदू
आणि कॅटलोनियात ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, घरोघर कॅनेलोन्स असतात. आदल्या दिवशीचं उरलेलं मांस त्यात घालतात, म्हणजे आपल्या धाग्याच्या कामाचं नाही, पण वर बेशमेल फासून खरपूस करतात ती पद्धत घेण्यासारखी.

शेवंती
बेशमेलबद्दल विचारायचंच होतं. माझ्यात गुठळ्या होत नाहीत पण वर ठेवल्यावर त्याचा जाड थर बसतो, पिठूळ लागतं.

रानजाई
प्रमाण काय घेतेस?

शेवंती
५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा, ५०० मिली दूध.

रानजाई
मग दूध दुप्पट कर. कॅनेलोनीला ५० ग्रॅम मैद्याला लिटरभर दूध चालतं. भांड्यात बघून वाटेल की फसलं, पातळ झालं, पण ओव्हनमध्ये नळ्या ते ओढून घेतात आणि वरचं आटतं. पिठूळ लागतंय म्हणजे मैदा पुरेसा शिजत नाहीये. लोण्यात मैदा घातल्यावर मंद आचेवर दोन मिनिटं परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही, कच्चा वास जाईपर्यंत. मग दूध थोडं थोडं, फेटत फेटत. उकळी आल्यावरही पाच-सात मिनिटं मंद आचेवर शिजू दे. जायफळ शेवटी.

उनाड_पाखरू
मी बेशमेल घालतच नाही. टोमॅटो, तुळशीच्या जातीचं ते बेसिल, मोझरेला, बस. सोरेंतोकडची पद्धत अशीच असते ना? आंबटपणा मोकळा लागतो. बेशमेलनं सगळं जड होतं आणि सारणातलं रिकोटा कळतच नाही.

रानजाई
चव आपापली रे, पण मग सॉस आणखी पातळ ठेवावा लागतो, नाहीतर वरची बाजू वाळते. आणि मोझरेला कुठलं वापरतोस? पाण्यातलं ताजं असेल तर फाडून तासभर निथळायला हवं, नाहीतर परत थारोळं.

उनाड_पाखरू
निथळतो ना. ते मात्र शिकलोय.

मीठमिरी
चीज कमी करायचं असेल त्यांच्यासाठी: ब्रेडचा चुरा ऑलिव्ह तेलात, लसणाच्या पाकळीसोबत सोनेरी परतायचा आणि शेवटची दहा मिनिटं राहिली की वर भुरभुरायचा. दक्षिण इटलीत किसलेल्या चीजऐवजी हा चुरा घालायची जुनी रीत आहे. पार्मेजानचा खमंगपणा हवा असेल तर सारणात भाजलेल्या अक्रोडाची भरड किंवा सुकवलेल्या मशरूमची पूड घाला.

शांतपणे_वाचणारा
मशरूमचं सारण करून बघितलं होतं मी, तेही पाणचट झालं. पालकासारखं पिळता तर येत नाही.

पिठाळ
मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं. बारीक चिरून मोठ्या पॅनमध्ये पसरून मोठ्या आचेवर परता, आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग पॅनमध्ये चुरचुर आवाज बदलेल, तिथपर्यंत थांबायचं. मीठ त्यानंतर. गर्दी केली तर भाजलं जात नाही, वाफवलं जातं, म्हणून दोन खेपांत करा. भोपळ्याचं सारण करणार असाल तर भोपळा उकडू नका, फोडी ओव्हनमध्ये भाजून घ्या. गोड लागतो म्हणून त्यात सेजची सुगंधी पानं आणि भरपूर मिरी.

दवबिंदू
ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी काय करायचं? माझी बहीण विचारतेय.

कढईबहाद्दर
जाड बुडाचं पसरट पॅन, घट्ट झाकण. तळाशी सॉस, नळ्या एका थरात, वर सॉस पूर्ण बुडेल एवढा. सगळ्यात मंद आच, ३० ते ३५ मिनिटं. अधूनमधून पॅन हलवायचं, ढवळायचं नाही. वरून खरपूस होत नाही हे खरं, पण मघाशी मीठमिरींनी सांगितलेला परतलेला चुरा वाढताना वर घातला की ती उणीव भरून निघते. इथं मात्र न उकडलेल्याच नळ्या घ्या, उकडलेल्या तळाशी लागतात. (हो, मीच म्हणतोय 😀)

रानजाई
शेवंती, आता तुझ्या शनिवारचं. आठ जणांना माणशी तीन, म्हणजे २४ नळ्या, दोन ट्रे. ६०० ग्रॅम रिकोटा निथळवण्याआधीचं वजन, ७०० ग्रॅम पालक, १०० ग्रॅम किसलेलं चीज. टोमॅटोचे ४०० ग्रॅमचे तीन डबे, त्यात डबा विसळून निघेल एवढं पाणी, आणि फक्त पंधरा मिनिटं उकळ. बेशमेल लिटरभर.

तळाशी सॉसचा थर, नळ्या शेजारी शेजारी पण दाटीवाटीनं नाही, फुगायला जागा हवी. वर सॉस, टोकं झाकली गेलीत का ते बघ, प्रत्येक टोक. मग बेशमेल. फॉइल घट्ट लाव, पण टोमॅटोला फॉइल टेकू देऊ नकोस, आंबटानं फॉइलला भोकं पडतात आणि धातूची चव येते, मधे बेकिंगचा कागद ठेव. १८०-१९० डिग्रीला झाकून ३० मिनिटं, सुरीचं टोक नळीत सहज जातंय का बघ, मग झाकण काढून मोझरेला घालून १५ मिनिटं. बाहेर काढल्यावर १५ मिनिटं थांब. हे थांबणं फार महत्त्वाचं, त्यात सगळं बसतं, लगेच उचललं तर नळी चमच्यावरून सांडते.

शेवंती
@रानजाई, हे मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय. आदल्या दिवशी भरून ठेवलं तर चालेल का?

पिठाळ
सारण आणि दोन्ही सॉस आदल्या दिवशी करा, पण नळ्या सॉसमध्ये रात्रभर नको, फार मऊ पडतील. भरून कोरड्याच झाकून ठेवा फ्रीजमध्ये, सॉस दुसऱ्या दिवशी तापवून घाला. आणि काचेचा ट्रे असेल तर फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, तडकतो. आमच्या घरी तडकलाय, काचा आणि बेशमेल एकत्र बघणं नको वाटतं.

शेवंती
(रविवार) झाली! सगळ्यांना सांगायला सकाळपासून वाट बघत होते.

रिकोटा घरीच केलं, तीन लिटर दूध, दोन खेपा. पालक दोनदा पिळला, दुसऱ्या वेळी वाटीभर पाणी निघालं, मी अवाक्. पिशवीनं २४ नळ्या वीस मिनिटांत भरल्या. सॉस घालताना हात थरथरत होता, इतका पातळ कधीच केला नव्हता, नवरा म्हणाला हे सूप आहे. अर्धा तास तसंच ठेवलं, मग ओव्हन. माझा ओव्हन एका बाजूनं जास्त तापतो म्हणून मधेच ट्रे फिरवले.

मावशीला जेवायच्या आधी स्वयंपाकघरात बोलावलं आणि चीजची दोन्ही पाकिटं दाखवली, मागे मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं. आधी दोनदा चुकून वाढलं तेही सांगितलं. ती काही बोलली नाही, पाकीट लांब धरून वाचलं, चष्मा नव्हता, मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं केलंस." तीन खाल्ल्या आणि चौथी मागून घेतली.

मीठमिरी
वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

कढईबहाद्दर
मीठमिरी, मघाचं माझं म्हणणं मागे घेतो. मावशींचं मावशींनीच ठरवायचं, बरोबर आहे तुमचं. आणि शेवंती, टोकांचं काय झालं?

शेवंती
मऊ. प्रत्येक नळीची दोन्ही. मी मोजून बघितली.

रानजाई
आणि ट्रेच्या तळाशी?

शेवंती
तळाशी सॉस होता, तोही मुलांनी ब्रेडनं पुसून घेतला.